तिसरं दार

खट्. निवांत दुपारी एवढासाच आवाज झाला आणि भाजी चिरणारी तिची सुरी थांबली. पुढच्या खोलीत दीर तिच्या नवऱ्याच्या जुन्या कॉम्प्युटरच्या पाठीत एक छोटा डबा खोचत होते.

नवरा जाऊन तीन महिने झाले. टीव्हीला जोडलेलं ते धूड मात्र चालूच होतं. "मी येईपर्यंत बंद करू नकोस," असं बजावून तो दवाखान्यात गेला, तो परत आलाच नाही. बंद करायला तिचा हात धजला नाही. जेवण थंड होईस्तोवर तो त्यावर काहीतरी लिहीत बसायचा. काय ते विचारलं, की नुसता हसायचा.

"कसला डबा हा, भाऊजी?"

"नेटवर्कचा. या म्हाताऱ्या कॉम्प्युटरला तार जोडतोय. आता बोलू नका वहिनी, जरा धक्का लागला तर संपलं."

म्हणे बोलू नका! नवऱ्याचा कॅमेरा यांनीच 'दुरुस्तीला' नेला होता. तो अजून दुरुस्तच होतोय. तिच्या मनात पाल चुकचुकली. दाराआडून पाहते तो काय, दिरांच्या लॅपटॉपवर ओळीमागून ओळ उतरत होती. नवऱ्याने लिहिलेल्या ओळी!

"आता हेही नेताय होय?" तिने तरातरा जाऊन डबाच उपटला.

टीव्ही थरथरला आणि कोरा निळा झाला.

दिरांनी लॅपटॉप जवळ ओढला. "लिहिलेलं साठवायचा याचा टेप बिघडलाय, वहिनी. दादाला काहीच साठवता आलं नव्हतं, आणि हा बंद पडला की सगळं पुसलं जातं. म्हणून तर बंद करू नको म्हणाला. बाहेर काढायची हीच एक वाट होती."

"मग आधी बोलायला काय झालं होतं?"

"कॅमेरा विकला मी." त्यांनी मान वर केली नाही. "माझ्यावर विश्वास ठेवला असतात?"

तिने लॅपटॉपकडे पाहिलं. "किती आलं?"

"निम्मं."

झोपेतून उठलेली लेक डोळे चोळत काकांना चिकटली. काकांनी लॅपटॉपवर ते निम्मं सुरू केलं. तो एक खेळ होता. ठोकळ्याठोकळ्यांचं घर, दोन वेण्यांची चिमुकली मुलगी, तीन दारं.

"अय्या, मीच की!"

पहिल्या दारामागे मांजर निघालं. दुसऱ्यामागे खुर्चीतला चष्मेवाला माणूस हात हलवत होता. वेण्यांची मुलगी तिसऱ्या दाराशी गेली आणि तिथेच थिजली. लेकीने बटण दाबलं. पुन्हा दाबलं.

"आई, बाबांनी इथे काय ठेवलं होतं गं?"