वरच्या गल्लीतलं दार

गेल्या चक्रीवादळात खालच्या गल्लीतली सात माणसं गेली. त्यानंतर दवाखान्यातल्या नर्सबाईंनी एक यादी केली. खालच्या प्रत्येक घराला टेकडीवरचं एक घर जोडून दिलं. वादळाच्या इशाऱ्याचा भोंगा वाजला की त्या घरी जायचं, मानपान नाही, आमंत्रण नाही. यादी ऐकून खालच्या गल्लीत कपडे शिवणाऱ्या टेलरबाईंचा चेहरा पडला. त्यांच्या वाट्याला थोरल्या जाऊबाईंचं घर आलं होतं.

दोघींमध्ये अकरा वर्षं अबोला होता. सासूबाईंच्या शेवटच्या आजारपणात कोणी किती केलं, त्यावरून धरलेला. टेलरबाई तडक दवाखान्यात गेल्या आणि दुसरं कुठलंही घर द्या म्हणाल्या. नर्सबाईंनी मान वर न करता सांगितलं, की तुमचा गुडघा दुखरा, सगळ्यात जवळचं घर तेच, आणि वादळाला तुमच्या रुसव्याफुगव्यांशी काही घेणंदेणं नाही.

दर महिन्याला सराव असायचा. टेलरबाई एकशे बारा पायऱ्या चढून वर जायच्या आणि उघड्या दाराला हात लावायच्या. आत भाजी निवडत बसलेल्या जाऊबाई मान हलवायच्या. झाली हजेरी. गल्लीतले लोक म्हणायचे, दोघींपेक्षा दारच जास्त बोलतं.

पुढचं वादळ आलं ते सकाळी. आभाळ घासायचं राहिलेल्या तांब्यासारखं झालं होतं आणि माणसांचे आवाज पाण्याखालून आल्यासारखे लागत होते. सगळी गल्ली पायऱ्या चढत होती. दोघांनी एका आजोबांना खुर्चीसकट उचललं होतं, ते वरून सगळ्यांना वाट सांगत होते. टेलरबाई पोचल्या, सवयीनं दाराला हात लावला आणि परत वळल्या.

"आत ये," जाऊबाई म्हणाल्या. "आज खरं आहे."

तीन तास वारा घराला घुसळत राहिला. उन्हाळ्यात सगळ्यांनी मिळून एकमेकांची छपरं तारांनी आवळली होती, त्या तारा गुणगुणत होत्या. दोघी जिन्याखाली अंग चोरून बसल्या होत्या. मग एकाएकी सगळं थांबलं.

बाहेर ऊन पडलं होतं. कठड्यावर दमलेले समुद्रपक्षी ओळीनं बसले होते, जवळून गेलं तरी उडेनात. खालच्या गल्लीत समुद्र गुपचूप येऊन बसला होता. टेलरबाईंकडे शिवायला आलेले कपडे त्यावर बाह्या पसरून तरंगत होते, जणू माणसं सावकाश पोहायला निघाली आहेत. टेलरबाई झोपेत चालावं तशा पायऱ्या उतरू लागल्या.

थोरलीनं मागून मनगट धरलं.

"माझं मशीन आहे खाली, ताई."

"हा वादळाचा डोळा आहे. थोड्या वेळात वारा उलटा फिरेल."

"सोडा."

"सासूबाईंच्या वेळी तुला एकटीला सोडलं. जागरणं सगळी तू काढलीस. मला माहीत होतं गं, पण कबूल करायला जीभ वळली नाही. आता नाही सोडणार."

टेलरबाई पायरीवरच बसल्या. थोरली मनगट न सोडता शेजारी टेकली. दोघी उठून आत गेल्या, तोवर पहिली झुळूक दुसऱ्या बाजूनं आली होती.

या खेपेला एकही माणूस गेलं नाही. समुद्रालगतची नऊ घरं मात्र गेली, त्यात टेलरबाईंचंही. गावानं बसून ठरवलं, की त्या जागी पुन्हा घरं नकोत, झाडांचा दाट पट्टा हवा. वरच्या लोकांनी आपापल्या परसातली जागा घरांसाठी मोकळी करून दिली. टेलरबाईंनी जाऊबाईंच्या पुढच्या खोलीत कुणाकडून तरी मागून आणलेलं शिलाई मशीन मांडलं. आता दोघी रोज भांडतात, खिडकी उघडी ठेवायची की बंद यावरून, आणि अगदी मनापासून.

संध्याकाळी त्या खाली जातात. रोपांना काठ्यांचा आधार द्यायचा असतो, त्यासाठी टेलरबाईंच्या कापडाच्या चिंध्या आहेत. एकजण रोप सरळ धरते, दुसरी गाठ मारते. निळ्या, पिवळ्या, ठिपक्यांच्या गाठी. रोपं अजून गुडघ्याएवढीसुद्धा नाहीत.