घर घ्यावं ते थंडीत

घर घेणं हा माणसाच्या आयुष्यातला सगळ्यात विचारपूर्वक घेतलेला निर्णय असतो. निदान आमच्या भावोजींचा तरी होता. हवामान खात्यातून निवृत्त झाल्यामुळे विचार करायला त्यांच्याकडे वेळ होता. ताईकडे गुडघे नव्हते.

चौथा मजला, लिफ्ट नाही. खाली उतरणं बंद झाल्यापासून ताई गॅलरीतून दोरीला टोपली बांधून भाजी घ्यायची. तिला तळमजल्यावर घर हवं होतं, बाकी काही नाही. दोन गल्ल्या सोडून तसं मिळालंही. दोन खोल्या, दाराशी एकच पायरी.

"बघून ठेवू," भावोजी म्हणाले. "उन्हाळ्यात शाळा बदलतात, सगळं जग घरं शोधतं, भाव चढे असतात. शिवाय भिंत पावसात बघितल्याशिवाय घर घेणारा माणूस शुद्ध मूर्ख."

पावसात ते जाऊन आले. भिंतींना तळवे लावले, कोपऱ्यात उकिडवे बसून वास घेतला.

"काका, घर घेताय की नाडी बघताय?" मालकीणबाईंनी विचारलं.

भिंती कोरड्या निघाल्या. भावोजी जरा हिरमुसलेच.

"मग घेऊन टाका की," मी म्हटलं.

"पावसात कुणी सामान हलवतं का? थंडीत घ्यायचं. गिऱ्हाईक नसतं, टेम्पोवाले रिकामे, मालक नरम."

"थंडीत माझे गुडघे जास्त धरतात," ताई आतून म्हणाली. "तेवढं बसवा तुमच्या अंदाजात."

"अगं, इतकी वर्षं काढलीस, आता थोडक्यासाठी काय घाई?"

थंडी पडली. भावोजी स्वेटर घालून बोलणी करायला गेले. घर पावसातच गेलं होतं.

"तुमचे उपकार आहेत, काका," मालकीणबाई म्हणाल्या. "हवामान खात्याचे साहेब भिंती तपासून गेलेत म्हटलं, घेणाऱ्यांनी लगेच होकार दिला."

तरी भावोजी डगमगले नाहीत. हंगाम वाया जायला नको, म्हणून थंडी सरायच्या आत दुसरं घर घेतलं. भाव खरोखरच पडलेला होता. टेम्पोही स्वस्तात मिळाला. हमालांनी ताईला खुर्चीत बसवून खाली आणलं. रस्त्यावर तिने खुर्ची घटकाभर टेकवायला लावली आणि भाजीवाल्याकडे बघून म्हणाली, "तू एवढा उंच आहेस होय? मला नुसती टाळूच माहीत."

मग हमालांनी खुर्ची उचलून टेम्पोत ठेवली.

नवं घर तिसऱ्या मजल्यावर आहे. लिफ्ट नाही.