शेगावची गाडी आणि माझा गाल

हे कोणी खरं मानणार नाही. नका मानू. माझी बायको तर माझं नावसुद्धा शेजारणीला विचारून खात्री करून घेते. पण शेगाव टेसनावरची गाडी मी एकदा नुसत्या गालानं हाकलली, हे इंद्रभानच्या ओसरीत बसून मला सांगावंच लागलं.

इंद्रभानची माय झुंबरबाई. उजव्या गालात तंबाखूची गोळी ठेवून तिनं जन्म काढला, तिथंच फोड आला, अन् तो काही भरेना. अकोल्याचा डॉक्टर म्हणाला, "कॅन्सर आहे, पण लवकर आलात. नागपूरला जाऊन कापून घ्या, बाई वाचेल." गाव म्हणालं, "फोडाले लोखंड लागलं का तो चिडते." बाईनं गावाचं ऐकलं. तोंडावर पदर ओढून बसली, ती बोलेचना.

"पुंजाजी काका, माय हो बी म्हणत नाही अन् नाही बी म्हणत नाही," इंद्रभान रडकुंडीला आला. "काय करू?"

"मले चहा पाज," मी म्हटलं, आणि डावा गाल पुढे केला. तिथं टाक्यांचा वण आहे. तेवढा मात्र अस्सल. "वहिनी, मले बी हेच झालं होतं. त्या साली जन्मलेल्या कालवडीच्या नाती आता दूध देऊन राह्यल्या. लोखंड लागलं, पण चिडलं कोन? माह्यी बायको! घरी आल्याबरोबर म्या तिच्या भाकरीले नाव ठेवलं."

पदर जरासा हलला.

"दोन दाढा गेल्या, तवापासून त्या फटीतून शिट्टी वाजते. एकडाव शेगावच्या फलाटावर शिंकलो. अशी वाजली, का गाडीच सुटली! गार्ड खालीच, बशीतला चहा फुंकत. तसाच पळाला बिचारा. पुढं पारस टेसनावर डब्बा धरला, पण चहाचा एक थेंब सांडला नाही!"

"मंग?" इंद्रभान डोळे पुसत म्हणाला.

"मंग काय! रेल्वेचा सायब म्हने, तुमाले पगारावर ठेवतो, रोज येऊन शिंकत जा..."

पदर खाली आला.

"खोटं!" झुंबरबाई कडाडली. "नुसत्या शिट्टीनं गाडी सुटते काय? हिरवी झेंडी लागते! भाऊजी, म्हातारपणी तरी लाज वाटू द्या. इंद्रभान, कपडे बांध बे. नागपूरले जातानी त्या गार्डालेच इचारीन मी!"