उठलेली बदकं

शिंप्याच्या परसात त्या दिवशी मुंगीला शिरायला जागा नव्हती. कुंपणावर माणसं, पाण्याच्या टाकीवर माणसं. शेजारणीच्या गच्चीवर तर इतकी गर्दी झाली होती, की ती खालून ओरडत होती, "अहो, माझी गच्ची बसली तर तीही उठवणार आहेत का तुमचे बाबा?"

कोणी हसलं नाही. सगळ्यांच्या नजरा मधल्या टोपलीवर खिळल्या होत्या. टोपलीत शिंप्याचं बदकाचं पिल्लू होतं. मागच्या आठवड्यात ते पाय फाकून पडलेलं आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं. पंखांनी जमीन रेटत ते पाण्याच्या वाटीपर्यंत सरपटत जायचं. आता गल्लीत नव्याने आलेल्या बाबांनी टोपली आडवी केली, हात वर नेला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "जो बसला तो उठेल, जो उठला तो चालेल! ऊठ!"

पिल्लू उठलं. जरा डुललं आणि तुरुतुरु चालत थेट शिंप्याच्या शिलाई मशीनखाली जाऊन बसलं. शिंप्याच्या बायकोने पदराने डोळे पुसले. त्या दिवसापासून त्यांचं नाव पडलं उठबाबा.

आमच्या गल्लीला त्या वर्षी बदकांचं वेड लागलं होतं. एक हातगाडीवाला पिवळीधमक पिल्लं घेऊन आला आणि मुलांच्या हट्टापायी घराघरांत ती शिरली. त्यांना खायला काय घालायचं, हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हतं. मी तेव्हा कोपऱ्यावरच्या बेकरीत कामाला होते. उरलेला शिळा पाव आमचे मालक मोफत देत, आणि सारी गल्ली तोच बदकांपुढे कुस्करून टाकी. पिल्लंही आवडीने खात. थोड्याच आठवड्यांत एकेकाचे गुडघे वाकायला लागले. चालता चालता मध्येच बसत आणि मग बसलेलीच राहत.

अशा वेळी उठबाबा आले. स्वच्छ कपडे, गोड आवाज आणि काखेत पत्र्याचा डबा. डब्यात तपकिरी भुकटी. तिला ते भस्म म्हणत. चिमूटभर पाण्यात टाकायचं, वर हात फिरवायचा, मंत्र पुटपुटायचा. रोज सकाळी हेच. काही दिवसांत बदक उभं!

खरं सांगायचं तर बदकं खरोखरच उठत होती. दोरा नव्हता, आरसा नव्हता, पिल्लांची अदलाबदलही नव्हती. नुसती हातचलाखी असती तर पुढचं सगळं किती सोपं झालं असतं!

काही पिल्लं नाहीच उठली. न्हाव्याचं तर मेलंच. त्याने तोंडावर विचारलं तेव्हा बाबांनी डोळे मिटले आणि सुस्कारा टाकला, "श्रद्धा कमी पडली."

"कोणाची? बदकाची?" न्हावी म्हणाला.

लोकांनी त्यालाच गप्प केलं.

बदकांपुरतं हे चाललं असतं तर मीही हसून सोडून दिलं असतं. पण आमच्या घरी पिटुकली होती. धाकट्या भावाची मुलगी, अजून पुरती उभीही न राहणारी. जन्मली तेव्हाच तिचं एक पाऊल आत वळलेलं होतं. हाडांच्या डॉक्टरांनी प्लास्टर घालून, ते पुन्हा पुन्हा बदलून पाऊल सरळ आणलं होतं. आता आडव्या पट्टीने एकमेकांना जोडलेले बूट होते, झोपताना घालायचे. "हे बूट सोडू नका," डॉक्टरांनी बजावलं होतं. "सरळ झालेलं पाऊल जुनी जागा विसरत नाही. संधी मिळाली की परत वळतं." बूट घातले की पोर आक्रोश करी. भावजय तिच्या उशाशी बसून स्वतःही रडे. त्या माउलीचं काय होत असेल, हे मला दिसत होतं.

एके दिवशी बेकरीतून आले तर बूट खुंटीला टांगलेले. पिटुकली शांत झोपलेली आणि उशाशी पाण्याचा पेला, त्यात तळाला तपकिरी गाळ.

"हे काय गं?"

"वन्सं, बाबा म्हणाले, बांधलेलं कधी उठत नाही. आधी बंधन सोड, मग भस्म दे." कित्येक महिन्यांनी तिचा चेहरा निवलेला दिसत होता. "बघा ना, कशी निजलीय."

"अगं, डॉक्टर काय म्हणाले होते?"

"डॉक्टरांनी एक तरी बदक उठवलं का?"

मी पेला उचलून नाकाशी नेला आणि थबकले. हा वास माझ्या ओळखीचा होता. भट्टीच्या तोंडाशी सांडलेलं यीस्ट भाजून करपायला लागलं की अगदी असाच खमंग, कडवट वास सुटे. पाव फुगवायचं यीस्ट! दुसऱ्या दिवशी मालकांना विचारलं, तर ते सहज म्हणाले, "हो, मुदत संपलेले डबे एक जण नेतो. गोड बोलतो बिचारा."

मी जनावरांच्या डॉक्टरांकडे गेले. ते हसलेच. "त्यात चमत्कार कसला? बदकाच्या पिल्लाला नियासिन नावाचं जीवनसत्त्व कोंबडीच्या पिल्लापेक्षा कितीतरी जास्त लागतं. तळ्यावरचं बदक किडे, शेवाळ, पाणवनस्पती खातं, त्यातून त्याचं भागतं. तुमच्या परसात त्याला काय मिळतं? पाव! म्हणून पाय जातात. यीस्टमध्ये ते जीवनसत्त्व असतं. वाटाण्यातही थोडंफार असतं. वेळेत मिळालं तर पिल्लू उभं राहतं. फार उशीर झाला, तर नाही."

"आणि माणसाच्या मुलाचं जन्मतः वळलेलं पाऊल?"

त्यांचं हसू मावळलं. "त्याचा याच्याशी काडीचाही संबंध नाही. बाई, ते बूट आजच्या आज घाला."

घरी येऊन सांगितलं, तर भावाने वर्तमानपत्रातून मानही उचलली नाही. "ताई, पोर तिचं आहे. आईला कळतं." बूट मी स्वतः घालायला गेले, तर भावजयीने मुलीला छातीशी घट्ट धरलं. जणू मी पायात बेडीच घालत होते.

मग ठरवलं, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत दाखवायचं. न्हाव्याच्या दुकानापुढे दोन खोकी ठेवली, दोन्हींत बसकी पिल्लं. एका खोक्यात शेजारणीने बाबांकडून मंत्रून आणलेलं साधं पाणी, सकाळ-संध्याकाळ मंत्र, सगळं यथासांग. फक्त भस्म नाही. शेजारीण तो मंत्र इतक्या भक्तिभावाने म्हणे की ऐकणाऱ्याला गहिवरून यावं. दुसऱ्या खोक्यात मी बेकरीतलं यीस्ट भाजून खाण्यात कालवलं, आणि मंत्राच्या जागी पिल्लांना मनसोक्त शिव्या घातल्या. "मेल्यांनो, आळशांनो, उठता की घालू पावात!" पोरं हसून लोळत.

शिव्या खाल्लेली पिल्लं उठली. मंत्र ऐकलेली बसूनच राहिली.

सारी गल्ली जमली होती. मी भुकटीचा वास घ्यायला दिला, यीस्टचा डबा दाखवला, डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं. न्हाव्याने टाळी दिली, "जिंकलीस, बाई!" मग मी मंत्राच्या खोक्यातही यीस्ट घातलं. त्या जिवांचा काय दोष?

गर्दीतून भावजय पुढे आली, मुलीला कडेवर घेऊन. मला वाटलं, आता ती बूट मागणार.

"म्हणजे वन्सं," तिचे डोळे चमकत होते, "भुकटी खरी आहे ना?"

"अगं, बदकासाठी! बदकाला ते जीवनसत्त्व खाण्यातून मिळत नव्हतं म्हणून—"

"पाय तो पायच ना?"

तेवढ्यात मागून तो गोड आवाज आला. उठबाबा हात जोडून उभे होते. "ताईंनीच सिद्ध केलं, भस्मात शक्ती आहे. आता माझ्या मंत्राचीही गरज उरली नाही!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी बेकरीसमोर रांग लागली. कोणाला गुडघ्यासाठी यीस्ट हवं, कोणाला कंबरेसाठी, शिंप्याला सासऱ्याच्या अर्धांगवायूसाठी. मी घसा फोडून सांगत होते आणि रांग वाढत होती. पुढे उठबाबा दुसऱ्या गावाला निघून गेले. उठवायला बदकं सगळीकडे असतात.

पिटुकलीचं पाऊल हळूहळू आत वळलं. भावजय तिला घेऊन हाडांच्या डॉक्टरांकडे परत गेली तेव्हा शस्त्रक्रिया करावी लागली. पाऊल टेकायला लागलं, पण ताठ राहिलं. ती अजूनही त्या पावलाच्या बाहेरच्या कडेवर चालते. जिन्यावर एक पाऊल हलकं आणि एक जड वाजलं, की न बघता मला कळतं, ती आली.

भावजय गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. मी तिच्याशी कधी भांडले नाही. अखेरच्या आजारात तिने माझा हात धरला आणि पुटपुटली, "वन्सं, बाबा खोटे नव्हते हो. माझीच श्रद्धा कमी पडली." मी खूप समजावलं. तिने नुसती नकाराची मान हलवली. मुदत संपलेल्या डब्यातून त्या माणसाने तिला एवढंच दिलं होतं, जन्मभर पुरेल इतकं.

म्हणून सांगते. कोणी म्हणालं, "आमच्या डोळ्यांसमोर गुण आला," तर त्याला खोटारडा म्हणू नका. गुण आलाही असेल. फक्त विचारा: कोणाला आला? त्याला काय कमी पडलं होतं? ज्यांना गुण आला नाही, ते कुठे गेले? आणि ज्याचा गुण बदकाला आला, तो माझ्या लेकराला का यावा?

पिटुकली आता स्वतः बदकं पाळते. रोज सकाळी त्यांच्या दाण्यात यीस्ट कालवते, उकडलेले वाटाणे कुस्करून घालते. काल मी परसाच्या दारात बसले होते. रांग धरून पिल्लं पाण्याकडे चालली होती आणि मागून ती, एक पाऊल हलकं, एक जड.

"आत्या," ती म्हणाली, "बघ, एकाचाही पाय वाकडा नाही."