जाहिरातीतली ओळ

पोस्टात त्यांना सगळे कवी म्हणायचे, आणि त्यात कौतुकापेक्षा थट्टाच जास्त असायची. तिकिटांच्या खिडकीमागे बसून त्यांनी पस्तीस वर्षं शिक्के मारले आणि उभ्या आयुष्यात गाणं लिहिलं ते एकच. पण ते गाणं चाललं. ज्या सिनेमासाठी लिहिलं तो आठवड्यात पडला, गाणं मात्र लोकांच्या तोंडी बसलं. गायलं होतं त्यांच्या बायकोनेच. लग्नाला तेव्हा दोन वर्षं झाली होती. कवींना टपाल निवडायची रात्रपाळी असली की ती कडी न लावता जागी बसायची, त्यावरून पहिल्या दोन ओळी सुचल्या होत्या.

दार उघडं ठेवलंय मी, उशीर झाला तरी ये
घराची खूण विसरलास तर आवाजावरून ये

आता कवी ऐंशीला टेकले होते आणि बायको एका शुश्रूषागृहात होती. आधी ती गॅस चालू ठेवून विसरायला लागली. मग एकदा भर दुपारी अनवाणी रस्त्यावर सापडली. शेवटी मुलीने आणि कवींनी मिळून तिला तिथे ठेवायचं ठरवलं. मुलगी परगावी असते, दर रविवारी फोन करते. कवी रोज दोन बस बदलून चार वाजता पोहोचत आणि सहाला निघत.

पहिल्या वर्षी ती मुलीला विसरली, दुसऱ्या वर्षी त्यांना. कवी दिसले की पदर सावरून बसायची, परका माणूस आल्यासारखी. पण गाणं राहिलं होतं. कवी तिच्याशेजारी खुर्ची ओढून बसत आणि हळूच म्हणत, "दार उघडं ठेवलंय मी."

"उशीर झाला तरी ये," ती सुरात म्हणायची आणि त्यांच्याकडे बघायची. पूर्वी बघायची तशी. एवढ्यासाठी त्यांना दोन बस जड वाटत नव्हत्या. डॉक्टर म्हणाले होते, गाणी सगळ्यात शेवटी जातात.

शुश्रूषागृहाच्या बैठकीच्या खोलीत भिंतीला लागून दहा खुर्च्या होत्या आणि समोर उंचावर टीव्ही. निम्म्या लोकांना ऐकू येत नसल्यामुळे त्याचा आवाज कायम मोठा. एका दुपारी मालिकेच्या मध्येच ती चाल वाजली. क्षणभर कवींना बरंच वाटलं. शेजारच्या माणसाला सांगावं, हे माझं, असंही मनात आलं. मग शब्द कानावर पडले. पडद्यावर एक तरुणी दार सताड उघडून, हातात फवाऱ्याचा डबा घेऊन उभी होती.

दार उघडं ठेवलंय मी, डासा, हिंमत असेल तर ये

पुढे फुस्स असा आवाज, आणि एक डास पाय वर करून उताणा पडला.

तासाभरात ती जाहिरात चार वेळा लागली. कवींनी घरी जाऊन कोणाला काही सांगितलं नाही. सांगायला घरात होतंच कोण?

पुढच्या आठवड्यात एके दिवशी ते नेहमीसारखे तिच्याजवळ बसले आणि ओळ म्हणाले. ती लगेच म्हणाली, "डासा, हिंमत असेल तर ये." मग हात उचलून बोटाने हवेतच डबा दाबला. "फुस्स."

पलीकडच्या खुर्चीतले आजोबा खो खो हसले. तिने वळून पाहिलं, तिला मौज वाटली, आणि तिने पुन्हा एकदा केलं.

त्या संध्याकाळी कवींनी सिस्टरांना गाठलं. "निदान मी असतो तेवढा वेळ टीव्ही बंद ठेवता येईल का?"

सिस्टर भल्या होत्या. "काका, बंद केला की बाकीचे अंगावर येतात हो. आणि रागावू नका, पण आजी हल्ली नीट जेवतात. जाहिरात लागली की हसतात. हसल्या की मी पटकन घास भरवते."

कवींनी मान हलवली.

रविवारी मुलगी फोनवर चिडली. "बाबा, असं कसं कोणीही शब्द बदलतं? आपण नोटीस पाठवू."

"तेव्हा सह्या करून दिल्यात सगळ्या. मीही आणि तुझ्या आईनेही."

तरी ते गाण्याच्या कंपनीत जाऊन आले. तिथल्या माणसाने जुना करार काढून दाखवला, दोघांच्या सह्या अगदी स्पष्ट होत्या, तिची जरा तिरकी. शब्द बदलायची मुभाही त्यात लिहून दिलेली होती. त्याने जाहिरात करणाऱ्यांचा पत्ता दिला. कवी तिथेही गेले.

ज्या मुलीने ती ओळ लिहिली होती ती तिशीचीही नव्हती. कवी कोण हे कळल्यावर ती उठून उभीच राहिली. "माझी आई मला हे गाणं म्हणून झोपवायची. चाल मीच सुचवली. आमच्याकडे सगळ्यांना इतकी आवडली."

कवी भांडायच्या तयारीने गेले होते. तिच्या तोंडाकडे बघून ते भांडण राहूनच गेलं. त्यांनी बायकोची हकीकत सांगितली, फार न रंगवता. मुलगी खाली बघून ऐकत राहिली.

"मी थांबवू शकत नाही हो," ती शेवटी म्हणाली. "माझ्या हातात काहीच नाही. अजून दोन महिने चालणार आहे. पण थांबा." तिने कपाटातून एक छोटा प्लेयर काढला आणि त्यात मूळ गाणं भरून दिलं, जुनी खरखर साफ केलेलं. "हे रोज ऐकवा त्यांना. कदाचित परत येईल."

दुसऱ्या दिवशी कवींनी बायकोच्या कानाला हेडफोन लावला. पंचवीस वर्षांच्या वयाचा तिचाच आवाज तिच्या कानात सुरू झाला. ती डोळे मिटून ऐकायला लागली, मांडीवर बोटं ताल धरू लागली. पहिली ओळ संपली आणि तिच्या कपाळाला आठी पडली. तिने हेडफोन काढून त्यांच्या हातात दिला.

"आवाज चांगला आहे हो," ती म्हणाली, "पण ती बाई चुकतेय."

"कुठे चुकतेय?"

"शब्द चुकतेय. तुम्हाला येतं का बरोबर? म्हणा बघू."

ती त्यांच्याकडे टक लावून वाट बघत होती. इतक्या दिवसांत तिने त्यांच्याकडे पहिल्यांदाच काही मागितलं होतं. कवींनी खोलीत नजर फिरवली. मग घसा साफ केला आणि म्हणाले, "दार उघडं ठेवलंय मी. डासा, हिंमत असेल तर ये."

"फुस्स," ती म्हणाली आणि खुशीत त्यांच्या हातावर थाप मारली.

दोन महिन्यांनी जाहिरात बंद झाली. तिच्या जागी बिस्किटांची आली, तिला चाल अशी नव्हतीच. डासाची ओळ बायकोच्या तोंडी आणखी महिना-दीड महिना राहिली. मग त्यातले शब्द गळाले. काही दिवस ती नुसतीच बोट दाबायची. मग तेही थांबलं. कवींनी दोन्ही ओळी म्हणून पाहिल्या, आपली आणि ती दुसरी. ती शांतपणे ऐकून घ्यायची, जसं कोणी पाहुण्याचं बोलणं ऐकतं.

कवी जात राहिले. मुलगी म्हणाली, "बाबा, आता रोज कशाला? दमता तुम्ही." ते हो म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी चारला हजर झाले. खुर्ची ओढून बसले तेव्हा बायको सिस्टरांना हाक मारून सांगत होती, "अहो, हे गृहस्थ बिचारे रोज येतात. त्यांना कोणी चहा दिला का?"

सिस्टरांनी कवींकडे पाहिलं, मग आत जाऊन चहा आणला. तो बराच गोड झाला होता. बायको बघत होती म्हणून कवींनी तो सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत प्यायला.