बाहेर ठेवलेलं

डॉक्टर स्टॅनहोपनी टेबलावरचं घड्याळ पालथं घातलं आणि तीन शब्द सावकाश उच्चारले. लिंबू. किल्ली. होडी. वीस मिनिटांनी हेच विचारीन, असं सांगून त्यांनी डेलियासमोर रंगीत ठोकळे ओतले.

भिंतीलगत बसलेल्या तिच्या आईने, लॉर्नाने, हात मांडीखाली दाबून धरले. बोलायचं नाही, खूणसुद्धा करायची नाही, असं वकीलबाईंनी तिला बजावलं होतं. डॉक्टर समोरच्या पक्षाच्या विमा कंपनीने नेमलेले होते. तीन वर्षांपूर्वी ओमाहा शहरात लाल सिग्नल तोडून आलेली एक व्हॅन मायलेकींच्या गाडीवर आदळली, तेव्हा डेलिया सात वर्षांची होती. अकरा दिवस ती शुद्धीवर आली नव्हती. आता ती धावते, हसते, शाळेत जाते. म्हणजे पोरगी ठणठणीत आहे, असं कंपनीचं म्हणणं. देऊ केलेली भरपाई घेऊन मिटवलं, तर पुढे काही निघालं तरी पुन्हा मागता येणार नव्हतं. नाहीतर कोर्ट. लहान मुलाच्या मेंदूचं काय बिघडलंय ते कधी कधी वयात येतानाच कळतं, असं वकीलबाई म्हणाल्या होत्या.

ठोकळे रचताना डेलियाची चुळबुळ चालली होती. डावी मूठ आवळलेली, पाय हलतोय, ओठ मुडपलेले. ‘नीट बस’ हे लॉर्नाच्या अगदी तोंडाशी आलं. तिने ते गिळलं.

वेळ झाली. डॉक्टरांनी शब्द विचारले.

“लिंबू, किल्ली, होडी.”

लॉर्नाला वाटलं, संपला खटला. आणि दुसऱ्याच क्षणी ती शरमली. लेकीला उत्तर आलं याचं वाईट वाटणारी ही कसली आई?

डॉक्टरांनी मात्र काही लिहिलं नाही. ते डेलियाच्या मुठीकडे पाहत होते.

“कसं लक्षात ठेवलंस?”

“नाही ठेवलं,” डेलिया म्हणाली. “आत राहत नाही काही. म्हणून बाहेर ठेवलं.”

तिने जीभ काढून दाखवली. शेंड्यावर दातांचे व्रण होते, ते लिंबू. आवळलेल्या मुठीत किल्ली. हलणारा पाय म्हणजे होडी. वीस मिनिटं, ठोकळे रचता रचता, तिने तिन्ही धरून ठेवली होती.

“आणि सोडलं असतंस तर?”

“गेलं असतं.”

डॉक्टर बराच वेळ लिहीत राहिले. निरोप देताना ते उठून दारापर्यंत आले, आणि दहा वर्षांच्या त्या मुलीसाठी त्यांनी स्वतः दार उघडून धरलं.

“स्मरणशक्ती शाबूत आहे असं मी लिहू शकत नाही,” ते लॉर्नाला म्हणाले. “पण आज जे पाहिलं, त्याला आमच्या फॉर्मवर रकाना नाही.”

गाडीत बसल्यावर लॉर्नाने वकीलबाईंना फोन करून मिटवायचं नाही एवढंच सांगितलं. मग ती डेलियाकडे वळली. आत्ता अंगावर आणखी काय काय ठेवलंयस, असं तिने विचारलं.

डेलियाने एक पायमोजा दाखवला. तो उलटा घातला होता, कारण आज गुरुवार. जॅकेटची चेन अर्ध्यावर, म्हणजे जेवण झालंय. मग तिने उजवी करंगळी पुढे केली. अपघातानंतर ती वाकडीच असायची. रोज रात्री झोपलेल्या लेकीची ती करंगळी लॉर्ना हळुवार सरळ करून ठेवी.

“हे आपलं घर,” डेलिया म्हणाली. “कोपऱ्यावर वळायचं आणि तिसरं दार. हे मी कधीच सोडत नाही. पण सकाळी उठते तेव्हा सुटलेलं असतं. मग खिडकीतून बघून परत ठेवते.”