लुंबिनीजवळचे पाहुणे

लोकेंद्र रोकाया आणि त्याची बायको पवित्रा हातकणंगले स्टेशनवर उतरले, तेव्हा नेपाळातलं गाव सोडून त्यांना पाचवा दिवस लागला होता. जाजरकोटच्या भूकंपात त्यांचं घर पडलं होतं. सहा महिने पत्र्याच्या आडोशाखाली काढल्यावर लोकेंद्रने ठरवलं, आता काम जिथे असेल तिथे दोघांनी मिळून जायचं. सांगली रोडवरच्या एका हॉटेलात त्याला आचाऱ्याचं काम मिळालं होतं. मालकाने फोनवर राहायची सोय आहे म्हणून सांगितलं होतं. पण ती सोय म्हणजे भटारखान्यामागे एकट्या माणसाने अंथरूण टाकण्यापुरती जागा निघाली.

मग खोली शोधणं आलं. पवित्राला गाडीतच ताप भरला होता. प्रत्येक दारापाशी तिला ट्रंकेवर बसवून लोकेंद्र विचारत फिरला. तीन ठिकाणी नकार आला. एक बाई तर "परदेशी लोकांची जबाबदारी कोण घेणार?" म्हणत दार लावूनच मोकळी झाली. चौथं घर बाबासो कांबळ्यांचं. बाबासो एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले मेकॅनिक. मुलगा प्रसेनजीत पुण्याला नोकरीला, त्यामुळे मागच्या अंगाची खोली रिकामीच होती.

"कुठलं म्हनायचं पावणं?"

"नेपाल."

बाबासोंच्या हातातला पाना तसाच राहिला. "नेपाळ? मग लुंबिनी म्हाईत आसंल की! आमच्या बुद्धाचं गाव!"

लोकेंद्रला मराठी कळत नव्हतं, पण 'लुंबिनी' कळलं, आणि समोरच्या म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावरचा आनंदही कळला. त्याने मागे वळून पवित्राकडे पाहिलं. ती गुडघ्यांत डोकं घालून बसली होती.

"हां, पासही है," तो म्हणाला. "हमारा गाँव वहीं पास में है."

खरं तर त्याच्या गावापासून लुंबिनी दीड दिवसाच्या वाटेवर. त्याने ती कधी पाहिलीही नव्हती.

बाबासोंची बायको सोनूबाई तेवढ्यात बाहेर आली. तिने आधी पवित्राच्या कपाळाला हात लावला आणि नवऱ्यावरच डाफरली, "आवं, इच्यारत काय बसलाय? पोरगी भाजून निघालीया. आत घ्या की!"

त्या दिवसापासून ते दोघं कांबळ्यांच्या घरी राहिले. ताप उतरेपर्यंत चार दिवस सोनूबाईने पवित्राला मऊ भात आणि हुलग्याचं माडगं घातलं. उठून बसल्यावर पवित्रा तिला 'आमा' म्हणू लागली. नेपाळीत आमा म्हणजे आई. सोनूबाईला वाटलं, सीमाभागातल्या कानडी बायकांसारखं 'अम्मा'च म्हणतेय. तिला ते आवडलं.

हळूहळू अंगवळणी पडत गेलं. पवित्रा ज्वारीची भाकरी थापायला शिकली. पहिल्या भाकरीला चार कोपरे आले तेव्हा सोनूबाई गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने हसली आणि मग तीच भाकरी स्वतः खाल्ली. पवित्राने मुळ्याचा पाला आंबवून, वाळवून आमटीत घातला. सोनूबाई आधी नाक मुरडून, "कसला वास ह्यो!" म्हणाली. पुढच्या बाजारी मात्र दोन जुड्या जास्त घेऊन आली. लोकेंद्र "जयभीम" म्हटल्यावर "जयभीम" म्हणायला शिकला. इथली माणसं भांडल्यासारखं बोलतात, पण भांडत नाहीत, हेही त्याला उमगलं.

एकच गोष्ट त्याला टोचत राहिली. बाबासो येईल त्याला सांगत, "लुंबिनीजवळचं पावणं हायती आमच्याकडं." किराणावाल्याला सांगितलं, बँकेत सांगितलं. सांगताना त्यांचा आवाज एवढा भरून यायचा की लोकेंद्र मान खाली घालून तिथून सटकायचा.

बुद्धपौर्णिमेला चार दिवस राहिले असताना वस्तीतल्या विहाराबाहेरच्या फळ्यावर खडूने सुबक अक्षरं उमटली : 'लुंबिनी परिसरातून आलेले आपले पाहुणे लोकेंद्रजी रोकाया बुद्धांच्या जन्मभूमीविषयी बोलतील.' कॉलेजात शिकणाऱ्या साक्षीने ते लिहिलं होतं. लोकेंद्रने तिच्याकडून अर्थ समजून घेतला आणि तडक घर गाठलं.

पवित्राला त्याने सगळं सांगितलं. ती म्हणाली, "सगळ्यांसमोर बाबांची मान खाली जायला नको. आजच सांग."

"खोली गेली तर?"

"तर दुसरी बघू. पण ज्या बाईने मला भरवलं, तिच्या घरात मी असं नाही राहणार."

सकाळी बाबासो अंगणात शेजाऱ्याची पाण्याची मोटर उघडून बसले होते. लोकेंद्र त्यांच्यासमोर उकिडवा बसला. अर्धं हिंदी, अर्धं मराठी करत त्याने सांगून टाकलं. गाव लांब आहे, लुंबिनी मी पाहिली नाही, त्या दिवशी खोटं बोललो.

बाबासोंनी मोटरचे नट एकेक करून वाटीत टाकले, हात पुसले, सायकल काढली आणि निघून गेले.

पवित्राने दोरीवरचे ओले कपडे काढायला सुरुवात केली. सोनूबाईने परसातून पाहिलं. "ए पोरी, वली कापडं कशाला काढतीस?" पवित्रा रडायलाच लागली. सोनूबाईला काही कळेना. तिने तिला पायरीवर बसवलं आणि पाठीवरून हात फिरवत राहिली.

तासाभराने बाबासो परत आले. हाताला खडूची भुकटी लागली होती.

"फळा पुसून आलो," ते लोकेंद्रला म्हणाले. "आता लिवलंय, नेपाळचे लोकेंद्र रोकाया आपल्या गावाबद्दल बोलतील. हाय न्हवं सोताचं गाव? का त्येबी लबाडीच?"

"है, बाबा. हाय."

"मग झालं तर."

"तुमी रागावला नाही?"

बाबासो पायरीवर टेकले. "रागावलो की. म्हनून तर सायकल घिऊन गेलतो. वाटंत ध्यानात आलं, आपुन तरी काय येगळं केलतं?" त्यांनी सोनूबाईकडे पाहिलं. "चाळीस वर्सं झाली. कोल्हापुरात डेपोला लागलो हुतो. खोली काय मिळंना. आडनाव आयकलं की दार बंद. मग एका मालकाला म्या खोटं आडनाव सांगितलं. आठ म्हैनं ऱ्हायलो. त्येला कळलं, तवा भर दुपारी सामान रस्त्यावर. आनि ही सात म्हैन्यांची पोटुशी."

सोनूबाई म्हणाली, "माझं जातं फुटलं त्यात." एवढंच.

"त्या मालकागत मी वागू व्हय?" बाबासो म्हणाले. "आनि आयक, खोली म्या लुंबिनीला दिली न्हवती. पोरीला ताप हुता म्हनून दिल्ती. लुंबिनीजवळचा नसतास तरीबी दिलीच असती. तुला म्हाईत न्हवतं, ही तुजी चूक न्हाय."

लोकेंद्रने वाकून त्यांच्या पायांना हात लावला. बाबासोंनी पाय मागे घेतले. "आमच्यात पाया पडत न्हाईत रं. ऊठ. मोटर धर हिकडनं."

पौर्णिमेला विहारात वंदना झाली आणि लोकेंद्र उभा राहिला. घाबरलेलाच होता. पण गावाचं सांगायला लागला तसा मोकळा झाला. नदीवरचा झुलता पूल, दोन तास उतरून जायची शाळा, शेतातला जव, आणि मग तो भूकंप. घर पडलं तेव्हा शेजारच्या म्हातारीला दोघांनी कसं ओढून बाहेर काढलं, ते त्याने सांगितलं. शब्द अडला की साक्षी पुरवायची. शेवटी तो म्हणाला, "घर गेलं. मग इथे आलो. इथे पहिल्याच दिवशी आमाने हिच्या डोक्यावर हात ठेवला. मी लई खूश हाय." 'लई' ऐकून सगळे हसले.

खीर वाटताना नदीकाठच्या शालूबाई पवित्राजवळ आल्या. "आमचं घर पुरात गेलतं," त्या म्हणाल्या. "बारा दिस शाळंत ऱ्हायलो. हुतंय बग सगळं पुन्यांदा उभं." मग त्यांनी तिच्या वाटीत आणखी खीर ओतली.

त्यानंतर कुणी त्यांना लुंबिनीचे म्हटलं नाही. गल्लीतली माणसं लोकेंद्रला नावाने हाक मारू लागली. बाबासो मात्र आता निराळंच बोलायचे : पैसं साठवू आनि चौघंबी जाऊ लुंबिनीला, मीबी बगितली न्हाय, ह्येनंबी न्हाय.

श्रावणात पवित्राला दिवस गेल्याचं कळलं. तिने आधी निरोप देऊन गावी आईला व्हिडिओ कॉल लावला. डोंगरात रेंज मिळवायला आई टेकडीवर येऊन उभी होती. वाऱ्याने तिची ओढणी उडत होती. बातमी ऐकून ती रडली, हसली, आणि म्हणाली, "तुला जपणारी ती बाई कुठे आहे? मला तिच्याशी बोलायचंय."

पवित्राने फोन सोनूबाईच्या हातात दिला. सोनूबाईने पदर सावरला आणि फोन तोंडाच्या अगदी जवळ धरला. तिकडची आई नेपाळीत बोलत होती, डोळे पुसत हात जोडत होती.

"व्हय, व्हय," सोनूबाई ओरडून सांगत होती, "काळजी करू नगा. भाकरी खातीया, दूध पितीया. बाळंतपन मी करती की! तुमी तब्बेत जपा."

पवित्रा मध्ये भाषांतर करायला पुढे सरकली. सोनूबाईने तिला हातानेच थांबवलं आणि दोघी बायका आपापल्या भाषेत बराच वेळ बोलत राहिल्या.